आधी नाव, मग गुन्हा: छळाची सुरुवात ओळखायची कशी?

ज्यांना हेडफोन लावून बसायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना जिथे अडखळले ते गाळलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

सुरुवात आपल्या शेगावच्या स्टेशनपासून करते. मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मला मुंबईला परत जायचं होतं, गाडी उशिरा होती आणि आईने बांधून दिलेल्या कचोऱ्यांचा वास पिशवीतून येत होता. माझ्या बाकाशेजारी एक कुटुंब येऊन टेकलं. दोन बाया, एक म्हातारा, तीन-चार लेकरं आणि बोचकी. त्यांचं आपसातलं बोलणं मराठी नव्हतं, थोडंसं गुजरातीसारखं वाटत होतं. मी मनात म्हटलं, पारधी. आणि पुढच्याच क्षणी माझ्या हाताने आपोआप एक काम केलं. पर्स मांडीवर ओढली, मोबाईल आत टाकला, चेन लावली.

कुणी काहीच केलं नव्हतं. लेकरांनी तर माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. पण त्या म्हाताऱ्याने पाहिलं. तो आवाज त्याच्या ओळखीचा असावा. त्याने माझ्याजवळ बसलेल्या लेकराचा हात धरला आणि त्याला उठवून पलीकडच्या बाजूला बसवलं. माझ्यापासून लांब. काही बोलला नाही.

गाडी आली, मी चढले, आणि भुसावळ येईपर्यंत डोक्यात एकच प्रश्न. माझ्या हाताला हे शिकवलं कुणी? माझ्या घरात कधी पारध्यांनी चोरी केली नव्हती. माझ्या ओळखीच्या कुणाकडे केल्याचं मी ऐकलं नव्हतं. तरी हात मात्र पक्का तयार होता.

या प्रश्नाच्या मागे जात गेले तर एक कायदा सापडला. १८७१ सालचा. आजचा भाग त्याच्याबद्दल आहे, आणि त्याच्या आडून एका मोठ्या प्रश्नाबद्दल आहे. एखादं सरकार एखाद्या छोट्या समाजाच्या मागे हात धुऊन लागणार आहे, हे सुरुवातीलाच कसं ओळखायचं? आपण इतिहासात शेवट तेवढा पाहतो. छावण्या, काटेरी तारा, मेलेल्यांचे आकडे. शेवट ओळखायला काही अक्कल लागत नाही. सुरुवात मात्र दिसायला फार साधी असते. एक वही, एक शिक्का, एक नियम. कधी कधी तर ती चक्क शहाणपणाची वाटते.

आजीचं जातं

त्या कायद्याकडे जाण्याआधी आजीकडे जाऊ. मुंबईला पोचल्यावर मी तिला फोन केला. विचारलं, तुझ्या लहानपणी गावात पारधी यायचे का?

"येत ना वं माय. टाकणकरीण ये. जात्याले टाकी लावाले."

ज्यांनी जातं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. दळून दळून जात्याचा दगड गुळगुळीत होतो, मग त्यात धान्य भरडलंच जात नाही. छिन्नी-हातोडीने त्याला पुन्हा खरखरीत करावं लागतं. वऱ्हाडात हे काम करणारे ते टाकणकर. पारध्यांचीच एक शाखा. फासे लावून तितर-लाव्हे आणि हरणं पकडणारे ते फासेपारधी, आणि जात्यांना टाकी लावत गावोगाव फिरणारे ते टाकणकर. म्हणजे गावाची भाकरी एका अर्थी त्यांच्या छिन्नीवर अवलंबून होती.

आजी सांगत होती, तिची आई त्या बाईला ज्वारी द्यायची, ओसरीवर बसवून चहाही द्यायची. बाई गेली की मात्र घरातली पितळी भांडी मोजायची.

मी विचारलं, "कधी कमी भरली का गं?"

"नाई. एक डाव बी नाई."

"मग काऊन मोजत होती?"

आजी थोडा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "सारेच मोजत, म्हून ते बी मोजे."

एक डावही भांडं कमी भरलं नाही, तरी दर वेळी मोजणी चालूच. तिथून इथपर्यंत, म्हणजे माझ्या पर्सच्या चेनपर्यंत, एक सरळ रेघ आहे. ती रेघ कुणी आखली, ते आता पाहू.

पहिली खूण: कायदा "काय केलंस?" ऐवजी "कोण आहेस?" विचारू लागतो

१२ ऑक्टोबर १८७१. त्या दिवशी इंग्रज सरकारचा क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट, म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा, अमलात आला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानात होता. पुढे १८७६ मध्ये बंगालला लागू झाला आणि १९११ च्या नव्या कायद्याने सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात नेता येईल असा झाला.

कायद्यामागचं तर्कट असं होतं. या देशात सुताराचा पोरगा सुतार होतो, विणकराचा पोरगा विणकर होतो. म्हणजे धंदा जातीने येतो. मग चोराचा पोरगाही जातीनेच चोर असणार. आपल्याच जातिव्यवस्थेचा आरसा इंग्रजांनी आपल्यासमोर धरला आणि त्यातून हा कायदा काढला. आपल्याकडच्या पुष्कळ शहाण्या माणसांना तो पटलाही. ही गोष्ट नजरेआड करू नका, आपण तिच्याकडे परत येऊ.

आता तुम्ही म्हणाल, पण त्यातले काही जण चोऱ्या करत असतीलच ना? करत असतील. प्रत्येक समाजात काही जण करतात. पण भारतीय दंडविधान १८६० मध्येच तयार झालं होतं आणि १८६२ पासून लागू होतं. चोरीला शिक्षा होती, दरोड्याला होती, चोरीचा माल विकत घेण्यालाही होती. चोराला पकडायला कायदा हवा होता तर तो नऊ वर्षं हातात होताच. मग १८७१ ला नवा कायदा कशाला लागला?

ज्याने चोरी केलेली नाही त्याला पकडायला. दुसरं कारण मला तरी दिसत नाही. एरवीच्या कायद्यात आधी गुन्हा होतो, मग आरोपीचं नाव येतं. इथे नाव आधी लिहून ठेवलं आणि गुन्हा नंतर शोधला. म्हणून ही खूण मी पहिली धरते. "तू काय केलंस?" हा प्रश्न मागे पडून "तू कुणाचा?" हा प्रश्न कायद्याच्या तोंडी आला की कान टवकारायचे. तो प्रश्न आज दुसऱ्याला विचारला जात असला तरी.

दुसरी खूण: आधी पुस्तकं येतात, मग पोलीस

कायद्याच्या आगेमागे शब्द येतात. १८८२ मध्ये मेजर गंथॉर्प नावाच्या पोलीस अधिकाऱ्याचं एक पुस्तक निघालं. विषय काय, तर मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांत इथल्या गुन्हेगार जमाती. आपलं वऱ्हाड थेट शीर्षकात. १९०८ मध्ये मायकेल केनेडी या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या गुन्हेगार वर्गांवर आणखी एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यात पारधी, कैकाडी, रामोशी अशी प्रकरणंच आहेत. दिसतात कसे, बोलतात कसे, राहतात कुठे, चोरी कशी करतात.

एखाद्या पक्ष्याच्या किंवा सापाच्या जातीवर लिहावं तसं माणसांच्या जातीवर लिहिलेलं. एकदा हे पुस्तक नव्या फौजदाराच्या हातात पडलं की त्याला समोर माणूस दिसतच नाही, प्रकरण दिसतं. अमुक एकाने चोरी केली, हे वाक्य बदलून "हे लोक चोऱ्या करतात" असं होतं. वाक्यातला माणूस जातो आणि जमात येते. व्याकरणातला छोटासा फरक आहे, पण छळ तिथूनच सुरू होतो.

आणि हे फक्त भटक्यांपुरतं नव्हतं. १८७१ च्या त्याच कायद्याचा दुसरा भाग तृतीयपंथीयांबद्दल होता. त्यांचीही नोंदवही, त्यांच्याही सार्वजनिक जागी बाईच्या वेशात येण्यावर, नाचण्या-गाण्यावर बंदी. ज्यांचं राहणं चौकटीत बसत नाही, ते सगळे एकाच वहीत.

तिसरी खूण: कोर्टाचं दार बंद

ही खूण सगळ्यात कोरडी आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. १८७१ च्या कायद्यात सरळ लिहिलं होतं की एखाद्या जमातीला गुन्हेगार ठरवणाऱ्या अधिसूचनेच्या वैधतेवर कुठल्याही न्यायालयाने प्रश्न उपस्थित करायचा नाही. सुरुवातीला निदान प्रांतिक सरकारला वरच्या सरकारची मंजुरी घ्यावी लागे. १९११ नंतर प्रांतिक सरकारने गॅझेटात छापलं की झालं.

विचार करा. चोरीच्या आरोपीला वकील देता येतो, साक्षीपुरावा मागता येतो, सुटताही येतं. पण "तू जन्माने चोर" या आरोपातून सुटायचं कसं? जन्माला साक्षीदार कुठून आणायचा? म्हणून एखादा नवा नियम आला आणि त्यात कुठेतरी बारीक अक्षरात "या निर्णयाविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही" असं दिसलं, तर बाकीचा नियम कितीही गोड भाषेत असू दे, ते बारीक अक्षर आधी वाचायचं.

चौथी खूण: शेजाऱ्याला पहारेकरी करतात

नोंद झाली की हजेरी आली. ठरल्या वेळी हजर राहायचं, राहण्याची जागा कळवायची, बाहेर जायचं तर पास घ्यायचा. पास नसताना सापडला तर तोच गुन्हा. चोरी केलीच पाहिजे असं नाही, चालत गेलात तरी पुरे. आता जात्यांना टाकी लावणाऱ्याचा धंदाच मुळी चालत जाण्याचा. एका गावात जाती ती किती असणार? म्हणजे पोट भरायला निघाला की गुन्हेगार, आणि निघाला नाही की उपाशी.

या पासांवर लक्ष कोण ठेवणार? तेवढे पोलीस कुठे होते? कायद्याने ते काम गावाच्या पाटलावर, चौकीदारावर, जमीनमालकांवर टाकलं. नोंदलेला माणूस गायब झाला किंवा संशयित माणसं गावात आली तर कळवायची जबाबदारी त्यांची.

इथे मला माझी पणजी दिसते, ज्वारी देऊन झाल्यावर भांडी मोजणारी. तिला हा कायदा माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. पण गावातल्या मोठ्या माणसांनी नजर ठेवायची असं ठरलं की हळूहळू ती नजर सगळ्या गावाची होते. छळ करायला सरकारला फार शिपाई लागत नाहीत. शेजारी पुरतात.

पाचवी खूण: आधी पोट बंद करतात, मग चोर म्हणतात

आपल्या भागातून जाणारी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. कापसाला भाव आला, खामगाव-शेगावच्या बाजारांना बरकत आली. आपण हे अभिमानाने सांगतो आणि सांगावंही. पण त्याच रुळांनी बैलांच्या तांड्यावर मीठ-धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांचा धंदा मोडला. शिवाय वनकायदे आले, १८६५ चा आणि त्याहून कडक १८७८ चा. रानावर जगणाऱ्यांना रान परकं झालं. दळणाची गिरणी आली, टाकणकरांचं काम गेलं. स्वातंत्र्यानंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. वन्यजीव वाचायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण तितर धरून विकणाऱ्या फासेपारध्याला त्या कायद्याने त्याच्या परंपरागत धंद्यासाठी गुन्हेगार केलं, आणि बदल्यात दुसरा धंदा काही हातात पडला नाही.

सरकारने मुद्दाम केलं की नकळत झालं, हा वेगळा वाद. पण एखाद्या समाजाचा पोटाचा रस्ता एकेक करून बंद होत असेल आणि त्याच वेळी "हे लोक कामच करत नाहीत" असं बोललं जात असेल, तर ही दोन वाक्यं शेजारी-शेजारी ठेवून बघायची.

सहावी खूण: लेकरं वेगळी काढतात

१८९७ च्या दुरुस्तीने सरकारला आणखी एक अधिकार मिळाला. नोंदलेल्या जमातींच्या चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या सुधारगृहात ठेवण्याचा. चार वर्षं, मंडळी. चार वर्षांच्या मुलाने कोणता दरोडा घातला असेल?

आणि मोठ्यांसाठी सेटलमेंट. तारेच्या कुंपणातली वस्ती, हजेरी, ठरलेलं काम. आपल्या राज्यातली सगळ्यात माहीत असलेली सेटलमेंट सोलापूरची. तिथली माणसं गिरण्यांत राबली. आज सोलापूरला गेलात आणि रिक्षावाल्याला "सेटलमेंट" म्हणालात तर तो बरोबर नेऊन सोडतो. कुंपण गेलं, नाव पत्त्यात उरलं. आणि या सगळ्याला सरकारी भाषेत शब्द कोणता होता? सुधारणा. म्हणून मी म्हटलं की सुरुवात शहाणपणाची वाटते. या वस्त्या चालवणाऱ्यांत मनापासून भलं करायला निघालेली माणसंही होती. पण ज्याला सोडून जायची परवानगी नाही, त्याच्या भल्याचा हिशेब त्याला कुणी विचारतच नाही.

तीच वही, दुसऱ्या देशात

हे कुठवर जाऊ शकतं, ते बघायला थोडं जर्मनीत जाऊ. तिथेही भटके होते, सिंती आणि रोमा. त्यांच्या पूर्वजांचं मूळ आपल्याच उपखंडातलं, त्यांची भाषाही आपल्या भाषांची लांबची बहीण.

१८९९ मध्ये म्युनिकच्या पोलिसांनी त्यांची माहिती गोळा करणारं एक खास कार्यालय काढलं. १९०५ मध्ये त्यातून नावांचं एक पुस्तक छापलं. १९२६ मध्ये बव्हेरियाने भटके आणि "कामचुकार" यांच्याविरुद्ध कायदा केला. लक्षात घ्या, हिटलर सत्तेवर आला १९३३ मध्ये. म्हणजे ही वही हिटलरच्या आधी, कायद्याच्या राज्यात, नीट खुर्चीवर बसलेल्या कारकुनांनी भरली होती. नाझींना पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नाही. वह्या तयार होत्या. डिसेंबर १९४२ मध्ये हिमलरने हुकूम काढला आणि वहीतली माणसं आऊश्वित्झला रवाना झाली. युरोपभर मारल्या गेलेल्या रोमांचा अंदाज दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातो.

युद्धानंतरची गोष्ट याहून विचित्र आहे. १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की १९४३ च्या आधी रोमांवर झालेली कारवाई वांशिक नव्हती, ती गुन्हेगारी रोखण्यासाठी होती. म्हणून नुकसानभरपाई नाही. माणसं मेली, पण "चोर" हा शिक्का मेला नाही. जर्मन सरकारने हा वंशसंहार होता हे अधिकृतपणे मान्य केलं ते १९८२ मध्ये.

इंग्रजांनी आपल्याकडे असा संहार केला असं मी म्हणत नाहीये. वही म्हणजे आऊश्वित्झ नव्हे. पण वही एकदा तयार झाली की ती उद्या कुणाच्या हातात पडेल, हे आज लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही.

पाच वर्षं सोळा दिवस

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. केंद्राने गुन्हेगार जमाती कायदा रद्द केला तो ३१ ऑगस्ट १९५२ पासून. मधलं अंतर पाच वर्षं सोळा दिवस. म्हणून भटक्या-विमुक्तांच्या चळवळीत ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन मानतात. "विमुक्त" म्हणजे त्या यादीतून मोकळे झालेले.

खरंच मोकळे झाले का? त्या कायद्याच्या जागी राज्याराज्यांत "सराईत गुन्हेगार" कायदे आले. आपल्याकडे मुंबई राज्याचा १९५९ चा. कागदावर त्यात जमातीचं नाव नाही. पण ज्या नजरेने तो वापरला गेला ती जुनीच होती. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० मध्ये आलं, लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' १९८७ मध्ये. स्वतंत्र भारतात वाढलेल्या माणसांनी ही नजर अंगावर कशी येते ते आतून लिहिलं. तुम्ही वाचली नसतील तर वाचा.

अगदी अलीकडे, ३ ऑक्टोबर २०२४ ला, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवला. त्या नियमावल्यांत विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदी २०२४ पर्यंत शिल्लक होत्या. विमुक्त समाजातल्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, याकडे लक्ष द्यायलाही न्यायालयाने पोलिसांना सांगितलं. कायदा जाऊन बहात्तर वर्षं झाली होती.

आणि आता आपल्या हातातली वही

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. रविवार, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवर मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे मेसेज फिरत होते. गर्दीने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं.

त्यांच्याविरुद्ध कुठली अधिसूचना नव्हती, हजेरी नव्हती, पास नव्हता. होता एक फॉरवर्ड. पण नीट बघा, त्या फॉरवर्डमध्ये मघाच्या खुणा एकेक करून सापडतात. "हे लोक" हा शब्द आहे. कोर्टाचं दार बंद आहे, कारण गर्दीसमोर दाद कुणाकडे मागणार? आणि शेजारी पहारेकरी झालेला आहे. इंग्रजांना ज्या वहीसाठी गॅझेट, पाटील, चौकीदार लागले, ती वही आपण खिशात घेऊन फिरतो आणि चहा पिता पिता पुढे ढकलतो. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच जणांना पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनीला बोटावर लगाम घालता आला, बोटामागच्या संशयाला नाही.

मग सगळ्याच याद्या वाईट का?

नाही. हा प्रश्न तुम्ही नक्की विचारणार, म्हणून मीच घेते. जनगणना ही यादी आहे, रेशनची यादी आहे, शिष्यवृत्तीची आहे. आज जातीचा दाखला मिळवण्यासाठी पारध्यांच्या मुलांनाच कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. घरदार नसलेल्या बापाचा रहिवासी पुरावा आणायचा कुठून? ज्या सरकारला शंभर वर्षांपूर्वी प्रत्येक पारध्याचं नाव आणि बोटांचे ठसे हवे होते, त्याच सरकारी व्यवस्थेला आज त्याचं नाव सापडत नाही. म्हणजे छळ यादीत घालूनही होतो आणि यादीबाहेर ठेवूनही होतो.

म्हणून मी स्वतःसाठी तीन प्रश्न ठरवलेत. कुठलीही नवी यादी, नियम किंवा मोहीम आली की विचारायचे. एक, ही यादी काही देण्यासाठी आहे की रोखण्यासाठी? दोन, माणूस तीत आला तो त्याने काही केलं म्हणून, की तो जन्मला म्हणून? तीन, चुकून नाव आलं तर ते काढून घ्यायला कोर्टाचं दार उघडं आहे का? हे प्रश्न कुठल्याही पक्षाच्या सरकारला लागू आहेत, आणि आपल्या समाजाच्या फायद्याच्या यादीलाही. किंबहुना तिथेच ते विचारणं जड जातं. आठवतं ना, १८७१ चा कायदा पुष्कळ शहाण्या माणसांना पटला होता. त्यांची नावं त्यात नव्हती.

परत शेगाव

शेवटी आपल्या गावाबद्दल. २३ फेब्रुवारी १८७८ ला गजानन महाराज शेगावात दिसले असं आपण मानतो. उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाणारा एक अनोळखी माणूस. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, अंगावर धड कपडा नाही. त्याच काळात उत्तरेत इंग्रजी कायदा भटक्याला विचारत होता, नाव काय, गाव कोणतं, पास कुठाय? इथे मात्र बंकटलालांनी त्या माणसाला घरी नेलं. आज लाखो लोक शेगावला येतात, ते अशा माणसाच्या दर्शनाला, ज्याचं मूळ-कूळ कुणालाच कळलं नाही. अनोळखी माणसाकडे कसं बघायचं, हे निदान आपल्या गावाला तरी बाहेरून शिकायची गरज नसावी.

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळ्याला फासेपारधी समाजातल्याच मतीन भोसले यांनी पारध्यांच्या मुलांसाठी आश्रमशाळा उभी केली. शाळेचं नाव आहे प्रश्नचिन्ह. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या फक्त प्रश्न विचारले गेले, त्यांची लेकरं तिथे शिकतायत.

आणि माझं काय? मागच्या महिन्यात शेगावला गेले तेव्हा परतीच्या वेळी स्टेशनवर मुद्दाम इकडेतिकडे पाहिलं. ते कुटुंब काही दिसलं नाही, दिसणार तरी कसं. पण एक मुलगा फुगे विकत आला. कुठल्या समाजाचा, मला ठाऊक नाही. हात पर्सकडे गेला. खरं सांगते, या वेळीही गेला. मी तो तिथेच थांबवला आणि एक फुगा घेतला. दहा रुपये.

तुमच्या घरी भांडी मोजायचे का? पुढचा भाग येईपर्यंत आजी-आजोबांना एकदा विचारून बघा. भेटू.